मोरोपंतांच्या नावानं

अकोला
मार्गशीर्ष वद्य ३, शके १७८५

खुशालराव पाटील, बोरखेडीकर, यांस मोरोपंताचा नमस्कार.

लांबलचक मायना तू कधी वाचत नाहीस, म्हणून गाळला. इकडे सगळे ठीक. कचेरीत मान वर करायला फुरसत नाही. साहेब लोक कापूस आणि आगगाडीची लोखंडी सडक याखेरीज तिसरा शब्द बोलत नाहीत, आणि त्यांचे बोलणे उतरवून घेण्यात आम्हा कारकुनांची बोटे झिजतात.

आज मुद्दाम लिहितो ते वेगळ्याच कारणाने. तुझ्या कापसाच्या गाड्या अमरावतीला ज्या आडत्या शेटजीकडे जातात, त्यांच्या वखारीच्या अंगणात पौष शुद्ध एकादशीला हैदराबादच्या माणिकबाईची बैठक आहे म्हणे. तुला बोलावणे आलेच असेल. खुशाल, मला घेऊन चल. ही बाई नुसती गिरक्या घेणारी नव्हे. ठुमरीची एकच ओळ धरून बसल्या जागी घटकाभर भाव दाखवते, असे नागपूरहून आलेले लोक सांगतात. तुला आठवते, तुझे वडील गावचे पाटील आणि माझे कुलकर्णी. त्यांच्या पुढ्यात बसून आपण कीर्तने ऐकायचो. मी मांडीवर ताल धरायचो आणि तू झोपायचास. तो ताल अजून हातात आहे. अकोल्यात मात्र तो कागदावर टाक घासून जिरवावा लागतो.

फक्त एक सांभाळ. कुणाला कळता कामा नये. सिंधूचे जमत आले आहे. पोरीला दहावे सरत आले, पत्रिकेत मंगळ, दोन ठिकाणी नकार आला. आता कमलाकांतपंत पुराणिकांच्या धाकट्याशी टिपण जुळले आहे, माघात बोलणी पक्की होतील. हे हुकले तर चौथे स्थळ मी कुठून आणू? पुराणिकबुवा कडक माणूस. परवाच राममंदिरात पुराण सांगताना नाचबैठकीला जाणाऱ्यांना असे झोडपले की माझ्याच पाठीवर वळ उठले. म्हणून घरी सांगणार आहे की अंबादेवीच्या दर्शनाला जातो. सिंधूसाठी नवस बोललो होतो, तो फेडायचा आहेच, तेव्हा सगळेच काही खोटे नाही.

येतो म्हणून कळव.

तुझा मोरोबा


बोरखेडी
मार्गशीर्ष वद्य ९

मोरोबास खुशालचा रामराम.

पत्र चांदूर बाजाराहून कालच आलं. पंतोजींनी गिरवून घेतलं तसं लिहितो आहे, तोंड उघडलं की गावचंच निघतं हे तुला माहीत आहे.

ये, ये, ये! बोलावणं आलं आहे, आणि जावं की नाही या घोरात मी होतो. कापसानं यंदा सगळ्यांना असं चढवून ठेवलंय की काल जोंधळ्याच्या कण्या खाणारे आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवतात. मीही बसवल्या, लपवत नाही. पण त्या बैठकीत जाऊन गाद्यागिरद्यांवर कसं बसावं, वाहवा कधी म्हणावी, विडा कधी उचलावा, यातलं मला ओ की ठो कळत नाही. तू शेजारी असलास म्हणजे मी सावकाराच्या बापाला भीत नाही.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे रुख्मिणीला वाचून दाखवलं. देवीच्या दर्शनाचं ऐकून ती म्हणे, "पंताईले देवी दिसते का बाई दिसते, थे देवीलेच माईत!" आणि हसत सुटली. काळजी करू नको, ती बाहेर बोलणार नाही. दमणी घेऊन मी दशमीला अमरावतीत येतो. गाडी हाकायला धाकटा भाऊ जानराव असेल, म्हणजे बाहेरचा माणूस नको.

सिंधूचं ऐकून जीव निवला. आमच्या घरात जेवायला लेकराचं तिसरं पान नाही, तुला सांगायला नको. ती तुझी तशी आमची. लग्नात काय लागेल ते माझ्याकडे माग, लाजू नको.

खुशाल


बोरखेडी
पौष शुद्ध १४

मोरोबास रामराम.

असं न सांगता कुठे गेलास? दिवेलागणीला बैठक उठली तेव्हा तुझ्या जागेवर नुसती उशी. मी आणि जानराव तुला देवीच्या देवळापर्यंत शोधून आलो. शेवटी तुझ्या उतरायच्या ठिकाणी कळलं की तू भाड्याच्या गाडीनं अकोल्याला निघून गेलास. पोट बिघडलं का? तिकडून बासुंदीचे पेले फिरत होते, मी तुला म्हटलंही होतं की सांभाळून.

पण माणिकबाई! अरे, मी दोन दिवस शेतात जातो आणि कापूस वेचणाऱ्या बाया काय विचारतात ते मला ऐकूच येत नाही. आधी ती आली तेव्हा मी निराश झालो होतो. चाळिशी उलटलेली, अंगानं भरलेली, गुडघे धरत बसली. मला वाटलं, ही काय नाचणार. तू कानात म्हणालास, "आता बघ." मग सारंगी लागली आणि तिनं ती ओळ घेतली, निरोप कोणाहाती पाठवू म्हणून. पहिल्यांदा ती नवी नवरी होती, पदर दातात धरून. मग सवतीची धास्ती असलेली बाई झाली. मग एकदा नुसतीच रागावली. सातव्यांदा की आठव्यांदा तिनं ओळ म्हटलीच नाही. दाराकडे पाहिलं, हात उचलला आणि अर्ध्यावरून खाली घेतला. तुझ्या डोळ्यात पाणी आलं ते मी पाहिलं. माझ्याही आलं. आमची रुख्मिणी, पोर गेल्यावर, असाच हात उचलायची आणि खाली घ्यायची.

मग ती उठून नाचली. चारशे घुंगरांतून एकच घुंगरू वाजवून दाखवलं, तेव्हा अख्खं अंगण श्वास धरून होतं. मला राहवेना. आजूबाजूचे लोक दौलतजादा करत होते, तू पाहिलंसच. रुपये द्यायचे, ज्याचा मान करायचा त्याचं नाव सांगायचं, मग पुकारणारा ते मोठ्यानं म्हणतो आणि बाई त्या माणसाकडे वळून मुजरा करते. मी ओंजळभर रुपये दिले आणि म्हटलं, माह्या नावानं नको. मला हे ऐश्वर्य दाखवलं कुणी? तू. मग पुकारणारा कसा गरजला! "अकोल्याचे कचेरीवाले मोरोपंत! मोरोपंतांच्या नावानं!" आणि बाईनं पदर सावरून तुला मुजरा केला, एकदा नाही, तीनदा. जानराव मागून म्हणे, "दादा, राजाचा मान झाला पंताईचा!" माझी छाती अशी फुगली की काय सांगू.

तेवढ्यात तू उठून मागं गेलास. पोट कसं आहे ते कळव.

खुशाल


अकोला
पौष वद्य ८

खुशालराव,

पोट ठीक आहे.

तू काय केलेस ते तुला अजून समजलेले नाही, हे तुझ्या पत्रावरून दिसते. मी लिहिले होते की कुणाला कळता कामा नये. लिहिले होते की नाही? आणि तू काय केलेस, दोनशे माणसांत, पुकारणाऱ्याच्या तोंडून, गावासकट, कचेरीसकट माझे नाव ओरडवलेस! एखाद्याला वैर साधायचे असते तरी त्याला एवढे सुचले नसते.

अमरावतीच्या बाजाराला गेलेला एक कापडवाला ते ऐकून आला. त्याने इकडे दोघांना सांगितले, त्या दोघांनी वीसांना. आता अकोल्यात असे बोलतात की कारकून मोरोपंत हैदराबादच्या बाईवर मुठी मुठीने रुपये उधळतो, आणि एवढे रुपये कुठून आणतो ते साहेबाने पाहावे. तुझ्या रिवाजात ज्याचे नाव घ्यायचे त्याचा मान होतो, रुपये दुसऱ्याचे असतात, हे इथल्या ब्राह्मणआळीला मी कसे समजावू? समजले तरी कोण ऐकेल?

पुराणिकांकडून निरोप आला. टिपण परत पाठवले आहे. तोंडी म्हणाले, भाऊबंदांत चर्चा आहे, तूर्त राहू द्या.

सिंधू आज मागच्या दारी एकटीच सागरगोटे खेळत होती. तिच्या आईने मला जेवायला वाढले आणि ती उठून मागच्या दारी पोरीपाशी गेली. तुला त्याचे काय? तुझा कापूस विकला गेला, छाती फुगली, काम झाले.

मोरोपंत


बोरखेडी
पौष वद्य १३

मोरोबास,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. रुख्मिणीला वाचून दाखवताना टिपणाच्या ओळीवर थांबलो, तेव्हा ती म्हणे, "ठेवा खाली, समजलं मले."

चुकलो. देवाशपथ सांगतो, माझ्या डोक्यात मान सोडून दुसरं काही नव्हतं. आमच्या लोकांत एखाद्याचं नाव चारचौघांत पुकारलं तर त्याचं घर उजळतं. तुमच्या लोकांत ते काळं होतं हे मला कळायला हवं होतं. लहानपणापासून तुझ्या ओसरीवर वाढलो आणि एवढं कळलं नाही.

पण एक बोलतो, राग धरू नको. बैठकीला मी तुला ओढून नेलं नाही. तू आलास. तुझ्या डोळ्यांतलं पाणी तुझंच होतं. "तुझा कापूस विकला गेला" हे तू लिहायला नको होतंस. तो शब्द मला फार लागला.

ते जाऊ दे. सिंधूचं सांग. मी काय केलं म्हणजे हे सुधारेल? अकोल्याला येऊन पुराणिकांच्या पाया पडू? पडतो. रुपये माझे होते असं सांगू? सांगतो. तू म्हणशील ते करतो, मागं सरणार नाही.

खुशाल


अकोला
माघ शुद्ध ४

प्रिय खुशाल,

मागल्या पत्रात रागाच्या भरात लिहिले. तू मनात ठेवू नकोस. आपले काय आजचे आहे?

एक वाट निघाली आहे. पुराणिकांच्या घरून एका मध्यस्थाकरवी असे कळले की त्यांना स्वतःला हे स्थळ मोडायचे नाही, मुलगी त्यांच्या घरात पसंत आहे. अडचण भाऊबंदांची. त्यांची तोंडे बंद झाली पाहिजेत. रुपये तुझे होते एवढे सांगून भागणार नाही. मी तिथे बसलो होतो एवढेच त्यांना पुरेसे आहे.

म्हणून असे करायचे. तू इथे येऊन चार माणसांसमोर सांगावेस की दूर अकोल्यात राहणाऱ्या बालमित्राची आठवण झाली म्हणून प्रेमाने त्याचे नाव पुकारवले. मोरोपंत त्या बैठकीत नव्हते. शेजारची जागा रिकामी होती. गैरहजर माणसाचे नाव पुकारतात, हे खरेच आहे, कुणालाही विचारून घ्यावे. अमरावतीला बसलेले कुणबी आणि वखारवाले इथल्या ब्राह्मणआळीत साक्ष द्यायला येणार नाहीत.

ते लोक बेलभंडार उचलायला सांगतील. तू पाटील आहेस. तुझ्या गावात बेलभंडारावर शेताच्या शिवा ठरतात, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर तुझ्या शब्दाला वजन. मी स्वतः शपथ घेतली तर कोण मानणार? मी आरोपीच ना.

सिंधूकरिता. मी यापेक्षा जास्त लिहू शकत नाही.

तुझा मोरोबा


बोरखेडी
माघ वद्य २

मोरोबास खुशालचा रामराम.

आपलं काम झालं. तिथं लोकांपुढे तुझ्याशी बोलता आलं नाही, म्हणून जे झालं ते मी पाहिलं तसं लिहितो.

ओसरीवर तुमचे लोक, मी खाली अंगणात. तू कोपऱ्यात बसून सतरंजीचा दोरा उसवत होतास, एकदाही वर पाहिलं नाहीस. ताटलीत बेलाचं पान आणि भंडारा. मी म्हणालो, "म्या खुशालराव, बोरखेडीचा पाटील. पंताचं नाव म्याच पुकारवलं. थे तिथं नव्हते. जागा खाली होती." आवाज बरा निघाला. मग उपाध्ये म्हणाले, "खोटे असेल तर माझ्या वंशाला लागो, असे म्हणा." मी म्हटलं, "वंश नाई महाराज." कुणीतरी मागं खाकरलं. उपाध्ये थोडे गोंधळले, मग म्हणाले, "मग घरच्या बाईचे नाव घ्या." मी रुख्मिणीचं नाव घेतलं आणि बेल उचलला.

तिला हे सांगितलेलं नाही. परत आल्यावर तिनं विचारलं, "झालं का नीट?" मी म्हटलं, झालं.

आता पुढचं नीट वाच, कारण ते तुझ्या सिंधूच्या जन्माचं आहे. ताटली उचलून न्यायला पुराणिकबुवा स्वतः खाली वाकले. त्यांच्या डाव्या कानामागं कोडाचा पांढरा डाग आहे, अर्ध्या रुपयाएवढा. तो डाग मी आधी पाहिला होता, मोरोबा. माणिकबाईच्या बैठकीत आपल्या मागं, दोन हातांवर, शेतकऱ्याचं पागोटं बांधून, शालीत तोंड लपवून एक माणूस बसला होता. विड्याचं ताट मी त्याच्याकडे सरकवलं, तेव्हा तो खाली वाकला होता. मांडीवर दोन बोटांनी ताल धरत होता, तुझ्याहून चोख. हाच तो. ताटली उचलताना त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि त्यानंही मला ओळखलं. दचकला नाही. "पाटील, पाणी घ्या," म्हणाला, आणि वरून ओंजळीत धार धरली.

तिथं मी तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर सिंधूचं मोडलं असतं. पण तुला अंधारात ठेवू शकत नाही. जो माणूस देवळात एक सांगतो, बैठकीत दुसरं करतो, आणि ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी तुला तिथं पाहिलं, त्यानं माझ्याकडून तू नव्हतास अशी शपथ घेवविली. अशा घरात पोर द्यायची का, हे तू बघ. तुला हे कळलं तर तू तिथं देणार नाहीस, असं मला वाटतं. मंगळ असो की शनी, दुसरं स्थळ शोधू. मी तुझ्याबरोबर गावोगाव हिंडेन.

काय ठरवतोस ते लवकर कळव.

खुशाल


अकोला
फाल्गुन वद्य ५

खुशालराव यांस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. फाल्गुन शुद्ध द्वितीयेला सिंधूचे लग्न झाले. चार दिवस सोहळा चालला, जेवणावळी उत्तम झाल्या. मुलगा शहाणा आहे. सिंधू पहिल्या दिवशी रडली, मग मंडपात जावांच्या मुलींशी खेळली.

तुला बोलावणे धाडले नाही. तू मांडवात दिसला असतास तर पुन्हा तोच विषय निघाला असता. आपली घसट जेवढी कमी दिसेल तेवढे बरे, हे तुझ्याही ध्यानात येईल.

तू पुराणिकांविषयी लिहिलेस. तुझ्याशी खोटे बोलण्यात आता अर्थ नाही. मला ठाऊक होते. पुकाऱ्यानंतर बाईने मुजरा केला, तेव्हा मी संकोचून मागे वळलो आणि समोर ते. आमची नजरानजर झाली. पोट वगैरे काही नाही, मी त्यासाठी उठून गेलो. टिपण परत आले तेव्हाच मी ओळखले की बुवा घाबरले आहेत. मी त्यांचे नाव घेईन म्हणून ते घाबरले आणि ते माझे घेतील म्हणून मी. मध्यस्थ वगैरे कुणी नव्हता. त्यांनीच मला देवळामागे गाठले आणि तुझे नाव सुचवले.

तू विचारशील, मी स्वतः शपथ का घेतली नाही. आरोपीची कोण मानणार, असे तुला लिहिले होते. ते अर्धेच खरे. मुलीच्या बापाने खोटा बेलभंडार उचलला तर तो मुलीला बाधतो, असे माझ्या आईचे सांगणे होते. बुवांनाही तीन मुलगे. तुला ती भीती नव्हती. तुला मागे बाधायला कोण आहे? हे वाचायला वाईट वाटेल, पण लेकरू असलेल्या माणसाने काय केले असते याचा तू विचार कर.

माणसे अशीच असतात, खुशाल. बुवा वाईट नाहीत. सिंधूला त्यांच्या घरात कमी पडणार नाही.

एक काम कर. माझी मार्गशीर्षापासूनची पत्रे तुझ्याकडे असतील. बैठकीला घेऊन चल, असे माझ्या अक्षरात आहे, आणि माघातले तर त्याहून वाईट. ती आणि हे पत्र चुलीत घाल. घातल्याचे एका ओळीत कळव.

मोरोपंत


बोरखेडी
चैत्र वद्य ११, शके १७८६

मोरोपंतांस खुशालराव पाटलाचा रामराम.

सिंधूला आमच्या दोघांचा आशीर्वाद. रुख्मिणीनं तिच्यासाठी लुगडं घेऊन ठेवलं होतं, अंजिरी रंगाचं. आपणच बोलावलं नाही, तेव्हा ते पाठवायचं कसं हे कळेना. शेवटी गावातल्या मनकर्णेच्या पोरीला दिलं.

आपलं पत्र तिला वाचून दाखवलं. एक ओळ गाळली. वाचताना मी अडखळलो तेव्हा तिनं विचारलं, "पुढं काय लेयलं पंतानं?" मी म्हटलं, काही नाही, सगळे मजेत आहेत. तिनं विश्वास ठेवला. त्या ओळीसाठी मी आपल्याला माफ करणार नाही. उद्या गाठ पडली तर मी रामराम करीन, मनातून करणार नाही.

आपण विचार करा म्हणालात, तो केला. लेकरू असतं तर मी काय केलं असतं? कदाचित हेच केलं असतं. पण ज्याला लेकरू नाही त्याला शोधत गेलो नसतो.

इकडचं सांगतो. नत्थुजी आणि सहदेव यांचा बांधावरून वाद आला, चावडीपुढं. मी नेहमीसारखं बेलभंडार मागवलं आणि नत्थुजीला म्हटलं, उचल. तो उभा राहिला, ताटलीकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "पाटील, म्या उचलतो. पन तुमी अकोल्यात उचलला, तवा थो कोनाले लागला? आमी तं तिथंच होतो बैठकीत, पंताच्या मागं. समदं चांदूर हासून राह्यलं." कुणी त्याला गप्प केलं नाही. सहदेव खाली मान घालून हसला, ज्याचा बांध गेला होता तो! माझे वडील त्याच ओट्यावर बसून तीस वर्षं निवाडे करत, आणि आपले वडील शेजारी बसून ते लिहून घेत. मी ताटली परत पाठवली. बांधाचा निकाल मी दिलाच नाही, आणि आता माझ्यापुढं कुणी वाद आणतही नाही. ते चांदूरच्या कचेरीत जातात, तिथले कारकून पैसे घेऊन ऐकतात.

पाटीलकीचं काम मी जानरावला सांभाळायला दिलं. तो आपल्याला माहीत आहेच, दमणी त्यानंच हाकली होती, आपल्याला त्यानंच हात देऊन खाली उतरवलं होतं आणि बैठकीत तो माझ्या पाठीला पाठ लावून बसला होता.

पत्रं मी जाळली, चुलीत नाही, शेतात. रुख्मिणीच्या चुलीत ती घालावीशी वाटेनात. आपण एका ओळीत कळवा म्हणालात, पण एक गोष्ट राहिली.

परवा आम्ही दोघं भाऊ गुरांच्या आखरात उभे होतो. जानराव वैरण टाकता टाकता एकदम म्हणाला, "दादा, एक विचारू? पंत त्या दिवशी बैठकीत होते का नव्हते?" तो माझ्याकडे पाहत नव्हता. त्यानं आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, मोरोपंत. आपण होतात हे त्याला माहीत होतं. मी त्याला, सख्ख्या भावाला, काय सांगतो एवढंच त्याला बघायचं होतं. चांदूरचं हसणं अकोल्यात कुणी मोजत नाही, पण मी स्वतः खरं सांगितलं असतं तर तो बायकोला बोलला असता, ती माहेरी बोलली असती, आणि माहेर तिचं अकोल्याचं.

मी म्हणालो, "नव्हते."

त्यानं बरं म्हटलं आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. त्यानंतर तो मला काही विचारत नाही.

खुशालराव